औषध निकामी करणारे जंतू



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी एक गुरुजी आपल्या आईला घेऊन माझ्याकडे आले. म्हातारीला चार दिवस ताप होता आणि लघवीला जळजळ होत होती. गुरुजींनी शाळेत जाता जाता वाटेवरच्या दुकानातून गोळ्या घेतल्या होत्या. चिठ्ठी नव्हती, पण मागल्या खेपेचं रिकामं पाकीट खिशात होतं, ते दाखवलं. मागे त्याच गोळ्यांनी दोन दिवसांत आराम पडला होता. ह्या खेपेला पडला नाही. गुरुजी मला म्हणाले, "डॉक्टर, आईच्या अंगाला ह्या गोळीची सवय झाली बघा. आता जरा जोराची द्या."

हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. शेतकऱ्याच्या तोंडून ऐकतो, तसं शिकल्या-सवरलेल्यांच्या तोंडूनही ऐकतो. आज मला त्या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे, कारण त्यातला 'अंगाला' हा शब्द चुकीचा आहे. तंबाखूची सवय अंगाला होते, हे खरं. पण जंतू मारणाऱ्या औषधाचं तसं नाही. म्हातारीचं अंग होतं तसंच होतं. बदलले होते ते तिच्या अंगातले जंतू.

मी गुरुजींना म्हटलं, तिसऱ्या दिवशी या, तुम्हाला एक गंमत दाखवतो. तोवर म्हातारीची लघवी तपासणीला लावली. ही तपासणी कशी करतात ते थोडक्यात सांगतो. एका उथळ थाळीत जंतूंचं खाद्य घातलेला, खरवसासारखा थिजलेला थर असतो. त्यावर रुग्णाचे जंतू पसरायचे आणि वर निरनिराळ्या औषधांत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. मग ती थाळी रात्रभर अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवायची. सकाळी पाहावं तर थाळीवर जंतूंची साय धरलेली असते. औषध लागू पडत असेल तर त्या टिकलीभोवती साय धरत नाही, स्वच्छ गोल रिंगण राहतं. औषध निकामी असेल तर साय थेट टिकलीच्या कडेपर्यंत येऊन भिडते.

तिसऱ्या दिवशी गुरुजींनी थाळी पाहिली. त्यांनी दिलेल्या गोळीच्या टिकलीभोवती रिंगण नव्हतं. तिच्याहून जोरदार म्हणून लोक ज्या इंजेक्शनाचं नाव घेतात, त्या टिकलीभोवतीही नव्हतं. म्हातारीला लागू न पडलेली गोळी कागदाच्या टिकलीवरही लागू पडत नव्हती, आणि त्या टिकलीला तर अंग नव्हतं! गुरुजी बराच वेळ थाळीकडे पाहत राहिले.

आता हे घडतं कसं, ते पाहू.

पेनिसिलिन आणि त्याच्या गोतातली औषधं जंतूला मारतात ती त्याच्या भिंतीवाटे. जंतूचं सारं शरीर म्हणजे एकच पेशी. तिच्याभोवती एक जाळीदार भिंत असते. ही भिंत नसेल तर आतल्या दाबानं पेशी फुटते. माणसाच्या पेशीला अशी भिंत नाही, म्हणून हे औषध आपल्याला इजा न करता जंतूला मारू शकतं. जंतू वाढतो, दुभंगतो, तेव्हा भिंतीचं बांधकाम सतत चालू ठेवावं लागतं. ते करणारे गवंडीही जंतूच्या आतच असतात. हे गवंडी म्हणजे एक प्रकारची विकरं. विकर म्हणजे काय? भाकरीचा घास जरा जास्त वेळ चावला की गोड लागतो, ते लाळेतल्या विकराचं काम. विकर एका पदार्थाचं दुसऱ्यात रूपांतर करतं आणि स्वतः मात्र खर्ची न पडता पुढच्या कामाला मोकळं राहतं.

पेनिसिलिनच्या कणाच्या मधोमध चार अणूंची एक छोटी चौकट आहे. तिला बीटा-लॅक्टम म्हणतात. ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन ह्यांनी क्ष-किरणांच्या साह्यानं १९४५ मध्ये ती सिद्ध करून दाखवली. चार अणू इतक्या लहान चौकटीत बसवले की ती ताणलेली राहते. उंदरासाठी लावलेला चाप आठवा. स्प्रिंग ताणून ठेवलेली, नुसता धक्का लागायचा अवकाश. पेनिसिलिनचा हा चाप दिसायला भिंतीच्या विटेसारखा असतो. गवंडी फसतो, वीट समजून हात घालतो, चाप उघडतो आणि त्याच्या हाताला घट्ट चिकटून बसतो. मग त्या गवंड्याच्या हातून काम होत नाही. बांधकाम थांबतं, भिंत कच्ची राहते आणि वाढणारा जंतू फुटतो. जंतू वाढत नसेल, स्वस्थ बसला असेल, तर हे औषध त्याचं फारसं काही करू शकत नाही, हेही ह्यावरून ध्यानात येईल.

आता आपलं विकर. त्याला बीटा-लॅक्टमेज म्हणतात. पूर्वी पेनिसिलिनेज म्हणत. हे त्या गवंड्याचंच भावकीतलं. मूळ एकच, पण कामात फरक पडला. तेही चापात हात घालतं, चाप त्याच्याही हाताला चिकटतो. पण ह्याला एक युक्ती साधलेली आहे. ते पाण्याचा एक कण पकडून त्या जोडावर घालतं. जोड सुटतो, चाप गळून पडतो, हात मोकळा. गळून पडलेला चाप उघडा पडलेला असतो, त्याची स्प्रिंग गेलेली, तो पुन्हा कोणाला पकडू शकत नाही. आणि मोकळा झालेला हात लगेच दुसऱ्या चापात जातो, मग तिसऱ्या. ह्यांतली चपळ विकरं सेकंदाला हजाराच्या आसपास कण मोडू शकतात. म्हणूनच 'जरा जोराची द्या' म्हणून त्याच औषधाची मात्रा थोडी वाढवल्यानं बहुधा काही साधत नाही.

जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस हे विकर आपल्या अंगाबाहेर सोडतो. त्यामुळे त्याच्या शेजारच्या दुबळ्या जंतूंचंही फुकटात रक्षण होतं. आतड्यातले ई-कोलाय आणि त्याच्या जातीचे जंतू जरा हिशेबी. त्यांना दोन पडदे असतात. ते विकर त्या दोन पडद्यांमधल्या बोळात ठेवतात. औषधाचा कण बाहेरच्या पडद्यातून आत आला की गवंड्यापर्यंत पोचण्याआधीच त्याचा निकाल.

ही विद्या जंतूंना आम्ही डॉक्टरांनी शिकवली, असं म्हणतात. ते पुरतं खरं नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात एका बुरशीभोवती जंतू मेलेले दिसले, ही कथा गुरुजींना पाठ असेल. पुढे ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या बुरशीतून औषध वेगळं केलं. युद्धाचे दिवस, सामान मिळेना, तेव्हा बुरशी वाढवायला रुग्णालयातली शौचाची भांडीसुद्धा वापरली होती. त्याच प्रयोगशाळेतल्या अब्राहम आणि चेन ह्यांनी डिसेंबर १९४० मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात एक छोटं पत्र छापलं. ई-कोलाय जंतूंच्या अर्कात पेनिसिलिन नष्ट करणारं एक विकर आहे, असं त्यात सांगितलं होतं. आणि ऑक्सफर्डच्या त्या पोलीस शिपायाला, ज्याच्यावर पेनिसिलिनचा पहिला मोठा उपचार झाला, ते टोचलं गेलं फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोचायच्या आधीच त्यावरचा तोड जंतूंपाशी तयार होता. (तो शिपाई आधी सुधारला आणि मग दगावला, पण त्याचं कारण निराळं. औषधाचा साठाच संपला. त्याच्या लघवीतून औषध परत काढून त्याला टोचत होते, तेही पुरलं नाही.)

ह्यात नवल नाही. बुरशी आणि जंतू मातीत लाखो वर्षं शेजारी राहत आले. एकानं चाप लावायचा, दुसऱ्यानं तो मोडायचा, हे तिथं जुनंच भांडण. कॅनडाच्या युकॉन भागात सुमारे ३०,००० वर्षं गोठून राहिलेल्या मातीतही अशी विकरं बनवण्याचे आदेश सापडले. ते संशोधन २०११ मध्ये छापून आलं.

मग आमचा दोष काय? तर निवडीचा. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्यांना हे सांगायला नको. बोंडअळीला मारणारं विष ज्या कापसात आहे, तो कापूस आला, अळ्या मेल्या. पण त्यातल्या एखाद-दुसऱ्या अळीला ते विष बाधलं नाही. तिची पिलावळ वाढत गेली आणि काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी त्याच कापसावर खुशाल बसली. एकेका अळीला सवय झाली नव्हती. बाधणाऱ्या मेल्या, न बाधणाऱ्या उरल्या. जंतूंचंही तेच, फक्त त्यांची पिढी विसेक मिनिटांची. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर ह्यांनी स्टॅफिलोकॉकसचे नमुने तपासले, तेव्हा पेनिसिलिनला न जुमानणारे जंतू १९४६ मध्ये शेकडा १४ होते, १९४७ मध्ये ३८ झाले आणि १९४८ मध्ये ५९. दोन-अडीच वर्षांत उलटापालट झाली.

पण जंतू आणि अळी ह्यांत एक मोठा फरक आहे. अळी आपला गुण पिल्लांनाच देते. जंतू तो शेजाऱ्यालाही देतो. विकर कसं बनवायचं ह्याची कृती बरेचदा एका लहानशा सुट्या गोल धाग्यावर लिहिलेली असते. त्याला प्लाझमिड म्हणतात. शाळेत परीक्षेच्या वेळी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर चिठ्ठी जाते ना, तसाच हा धागा एका जंतूतून दुसऱ्यात जातो. बरं, चिठ्ठी देणारा आपल्याकडची नक्कल ठेवून देतो. आणि ती दुसऱ्या इयत्तेतल्या, दुसऱ्या शाळेतल्या मुलालाही चालते. म्हणजे ई-कोलायची चिठ्ठी क्लेब्सिएलाच्या हाती. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ग्रीसमध्ये अथेन्सच्या एका रुग्णाच्या जंतूंत असं विकर सापडलं. त्याचं वर्णन १९६५ मध्ये छापून आलं. टेम हे त्याचं नाव त्या रुग्णाच्या नावावरूनच पडलं. आज ते जगभर आहे. एकाच चिठ्ठीवर चार-पाच औषधांचे तोड लिहिलेले असतात, म्हणून एक औषध वाटेल तसं वापरलं की बाकीचे तोडही जंतू जपून ठेवतो.

संशोधक स्वस्थ बसले नव्हते. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर जुझेप्पे ब्रोत्झू ह्यांनी १९४५ मध्ये सांडपाण्याच्या तोंडाशी एक बुरशी शोधली. तिच्यापासून पुढे सेफॅलोस्पोरिन जातीची औषधं निघाली. चाप तोच, पण चौकटीची ठेवण अशी की जुन्या विकराचा हात त्यात बसेना. मग जंतूंमधल्या विकरांत फरक पडत गेले. १९८३ मध्ये जर्मनीत असं विकर नोंदलं गेलं की जे नव्या सेफॅलोस्पोरिनांनाही मोडतं. इंग्रजी अक्षरांनी त्यांच्या गटाला ई. एस. बी. एल. म्हणतात. त्यातलं आज फार पसरलेलं एक विकर, सीटीएक्स-एम-१५, पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १९९९ च्या सुमारास नवी दिल्लीतल्या रुग्णांच्या जंतूंत.

गुरुजींच्या आईचे जंतू ह्याच गटातले होते. ते कळलं कसं, तीच ती गंमत. थाळीवर एकाच औषधाच्या दोन टिकल्या शेजारी ठेवल्या होत्या. एकीत नुसतं औषध, दुसरीत त्याच औषधाबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. पहिलीभोवती साय भिडलेली. दुसरीभोवती चांगलं मोठं रिंगण. गुरुजी म्हणाले, "अहो, औषध तेच ना?" औषध तेच. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल एका मातीतल्या जंतूपासून मिळतं, त्याचा शोध १९७० नंतरच्या दशकात लागला. तोही एक चापच आहे, पण तो गवंड्यासाठी लावलेला नाही. तो विकरासाठी लावलेला आहे. विकर त्यात हात घालतं आणि ह्या खेपेला हात काही सुटत नाही. विकर अडकून पडलं की खरं औषध निवांतपणे गवंड्याकडे जातं. दुकानात अमॉक्सिसिलिनबरोबर जोडीनं येतं ते हेच आम्ल.

ह्यापुढचा मामला जास्त कठीण. ई. एस. बी. एल. जंतूंवर राखून ठेवलेली औषधं म्हणजे कार्बापेनेम, रुग्णालयात शिरेतून द्यायची. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या लघवीत असा जंतू मिळाला, की ज्याचं विकर कार्बापेनेमही मोडत होतं. रुग्ण मूळचा भारतीय, त्याआधी नवी दिल्लीत रुग्णालयात होता. म्हणून त्या विकराला नवी दिल्लीचं नाव मिळालं, एन. डी. एम.-१. आपल्याकडे ह्या नावावरून बराच संताप झाला. नाव लागायला नको होतं, हे मलाही वाटतं. पण २०११ मध्ये छापून आलेली दिल्लीच्या पाण्याची तपासणी मला नावाहून जास्त टोचते. रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ मध्ये त्या विकराची कृती सापडली. हे विकर वेगळ्याच घराण्यातलं. ह्याच्यापाशी जस्ताचे दोन अणू असतात. त्यांच्या बळावर ते पाण्याचा कण थेट चापावर सोडतं, स्वतः चापात हात घालतच नाही. हातच अडकत नाही म्हटल्यावर क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची युक्ती तिथं चालत नाही.

नवी औषधं येत आहेत. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टम ह्या विकर-अडकवणाऱ्या द्रव्याला, सेफेपिम ह्या औषधाच्या जोडीनं, २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. झिडेबॅक्टम हे द्रव्य वोक्हार्ट ह्या आपल्या मुंबईच्या कंपनीनं शोधलं. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला सरकारी पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, तेव्हा देशात पेनिसिलिन मुबलक व्हावं एवढीच चिंता होती. आज चिंता नेमकी उलटी.

म्हातारीच्या आतड्यात हे जंतू आले कोठून, असं गुरुजींनी विचारलं. नेमकं सांगता येत नाही. पण गेल्या दोन वर्षांत सर्दीला, घशाला, एकदा गुडघेदुखीलाही तिनं ह्या गोतातल्या गोळ्या घेतल्या होत्या. सर्दी होते ती विषाणूंमुळे. विषाणूला भिंत नाही, गवंडी नाही, तेव्हा चाप कोणाला धरणार? पण गोळी आतड्यातून जाते, तिथले निरुपद्रवी दुबळे जंतू मरतात आणि विकरवाल्यांना रान मोकळं मिळतं. मग कधी तरी त्यातलेच लघवीच्या मार्गात शिरतात. मीही तरुणपणी सर्दीला ह्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, हे इथं सांगून टाकतो.

जनावरांचंही तसंच. गाईला दगडी झाली की सडात औषधाच्या नळ्या सोडतात. त्या दिवसांतलं दूध विरजलं तर दही नीट लागत नाही, हा अनुभव पुष्कळांना असेल. औषध दुधात उतरतं आणि विरजणातले जंतू मरतात. नळीवर जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नये. गंमत म्हणजे दुधातला हा दोष पेनिसिलिनचाच आहे का, हे पाहायला प्रयोगशाळेत हेच विकर वापरतात. नमुन्यात ते घातल्यावर जंतू वाढू लागले, तर दूध अडवणारं पेनिसिलिनच होतं, असं ठरतं. शत्रूचं हत्यार असं कधी कधी आपल्याही कामी येतं.

औषध किती दिवस घ्यायचं, असं पुष्कळ जण विचारतात. पाकीट संपवाच, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. आता असं दिसून आलं आहे की बऱ्याच आजारांत थोडे दिवसही पुरतात. पण ते दिवस डॉक्टरनं मोजून सांगायचे. उरलेल्या चार गोळ्या फडताळात ठेवून पुढल्या वर्षी सुनेला द्यायच्या, हे मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही. सेफॅलोस्पोरिनांच्या नव्या पिढ्या आणि कार्बापेनेम ह्या औषधांसाठी १ मार्च २०१४ पासून दुकानदारानं वेगळं नोंदपुस्तक ठेवायचं आणि चिठ्ठीवाचून औषध द्यायचं नाही, असा नियम आहे. नियम आहे, एवढंच मी म्हणतो.

गुरुजींच्या आईचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिची बाधा मूत्राशयापर्यंतच होती, मूत्रपिंडात पोचली नव्हती. थाळीवर नायट्रोफ्युरँटॉईन ह्या जुन्या, साध्या औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ रिंगण होतं. त्यात चाप नाही, त्याची मारण्याची रीतच वेगळी, म्हणून हे विकर त्याच्यापुढं बिनकामाचं. पाच दिवसांत म्हातारी बरी झाली. मूत्रपिंडात उतरलं असतं तर हे औषध चाललं नसतं. मग जिल्ह्याच्या गावी खाट, शिरेतून कार्बापेनेम आणि गुरुजींचा दोन-तीन महिन्यांचा पगार.

जाताना गुरुजी म्हणाले, "ही थाळी शाळेत न्यायला द्या ना, पोरांना दाखवीन." मी दिली नाही. छायाचित्र दिलं. थाळी त्याच संध्याकाळी वाफेच्या दाबाच्या भांड्यात शिजवून काढली आणि मगच बाहेर टाकली. आमच्या प्रयोगशाळेच्या मागल्या बाजूला गटार आहे, ते पुढं ओढ्याला मिळतं, आणि ओढ्यावर गावाची विहीर आहे.